खिशातली बिऱ्हाडे



'समाजमाध्यमांचे स्वभावविशेष' हा विषय मी कळविला तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांना तो थोडा चमत्कारिक वाटला. स्वभाव माणसांना असतो. फार तर गाईला, घोड्याला असतो. मोबाइलच्या पडद्यावर बोटभर चौकटीत राहणाऱ्या फेसबुक-ट्विटरला कसला आला आहे स्वभाव? शंका रास्त आहे. पण समोर बसलेल्यांपैकी ज्यांचे बालपण वाड्यात किंवा चाळीत गेले त्यांना मी एकच आठवण करून देतो. वाड्यात नळाशेजारी एक खोली असे आणि तीत राहणारे बिऱ्हाड भांडखोर म्हणून साऱ्या आळीत प्रसिद्ध असे. ते बिऱ्हाड एक दिवस जागा सोडून जाई, वाडा हुश्श करी, नव्या बिऱ्हाडकरूंचे "किती गरीब माणसे आहेत हो" म्हणून कौतुक होई. आणि तीन महिन्यांत ती गरीब माणसे पहाटे चार वाजता कळश्या आपटू लागत. दोष माणसांचा नव्हता. दोष नळाचा होता.

मला आज जे म्हणावयाचे आहे ते एवढेच. उरलेला वेळ आपण ह्या खिशातल्या वाड्यातील बिऱ्हाडांची थट्टा करण्यात घालवू. कारण चैत्र-वैशाखाच्या संध्याकाळी घाम पुसत बसलेल्या मंडळींना निव्वळ सिद्धांत ऐकविणे बरे नव्हे.

सोबतीला आपण एक गृहस्थ घेऊ. ते काल्पनिक आहेत, तेव्हा कोणी शेजारच्या खुर्चीकडे पाहू नये. वय पंचावन्न, बँकेत अधिकारी, घरात अबोल, भाजीवाल्याशीही घासाघीस न करणारे. हे गृहस्थ दिवसभरात ह्या वाड्यातील खोल्याखोल्यांतून कसे हिंडतात ते पाहू.

प्रथम फेसबुक. ह्याचा जन्म २००४ सालचा, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वसतिगृहातला. कॉलेजातल्या पोरांनी कॉलेजातल्या पोरांसाठी मांडलेला हा खेळ. २००६ मध्ये तेरा वर्षांवरील कोणालाही दार उघडले आणि व्हायचे तेच झाले. पोरांच्या मागोमाग आईबाप आले, आईबापांच्या मागोमाग आजीआजोबा आले, आणि पोरे मागच्या दाराने निघून गेली. हल्ली फेसबुकात शिरले की दुपारी दीड वाजता लग्नाच्या कार्यालयात शिरल्यासारखे वाटते. वधूवरांशी कोणालाच कर्तव्य नसते. एक जण नातवाचे फोटो दाखवीत असतो, एक जण मूळव्याधीवर औषध सांगत असतो, आणि कोपऱ्यात दोन व्याही फाळणीस जबाबदार कोण ह्या मुद्द्यावर हातघाईस आलेले असतात. शिवाय ह्या यजमानाची स्मरणशक्ती मोठी भयंकर. आपला वाढदिवस आपण विसरू, तो विसरत नाही. आणि दहा वर्षांपूर्वी डोक्यावर केस असतानाचा आपला फोटो सकाळी सकाळी दारात आणून ठेवण्याची त्याला हौस आहे.

येथे माणसास ५००० पर्यंत मित्र ठेवता येतात. रॉबिन डनबार नावाच्या इंग्रज मानवशास्त्रज्ञाने १९९० च्या सुमारास हिशेब मांडला होता, की माणसाला खऱ्या अर्थाने सांभाळता येतील अशी ओळखीची माणसे सुमारे १५० असतात. म्हणजे उरलेल्या ४८५० मित्रांशी भांडता येते, पण त्यांच्याकडे उसनी साखर मागता येत नाही. आणि त्या प्रसिद्ध अंगठ्याबद्दल काय बोलावे! पसंतीचा तो अंगठा २००९ साली आला, आणि २०१६ पर्यंत ठेवणीतली भावना तेवढी एकच होती. कोणी "आज पहाटे वडील गेले" असे लिहावे आणि खाली बहात्तर अंगठे उभे राहावेत, अशी सात वर्षे आपण काढली आहेत. ह्यात कोणाचे काळीज दगडाचे नव्हते. खोलीत दुसरी वस्तूच ठेवलेली नव्हती.

आपले गृहस्थ फेसबुकावर शिरतात ते सद्‌गदित होऊनच. "कुठे गेले ते दिवस" ह्या त्यांच्या लेखनाला चांगली पसंती मिळते, म्हणून पुढच्या आठवड्यात आणखी काही दिवस कुठे तरी जातात.

साडेनऊला ते लिंक्डइनवर येतात. हे २००३ साली उघडलेले आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने २६.२ अब्ज डॉलरला घेतलेले घर म्हणजे मुलगी पाहावयास पाहुणे यावयाचे आहेत त्या दिवसाचे घर. सतरंजी नवी, कपबशा शेजारून आणलेल्या, आजोबांना खोकू नये अशी ताकीद दिलेली. येथे कोणाची नोकरी जात नाही. तो 'नव्या प्रवासास' निघतो. येथे कोणी कंटाळत नाही, साहेबाला शिव्या देत नाही, सोमवारी उशिरा उठत नाही. मुलगा सायकलवरून पडला तर घरात आयोडीन शोधतात. लिंक्डइनवर त्या पडण्यातून नेतृत्वाचे पाच धडे निघतात. आणि पाहुण्यांच्या घराचा एक नियम येथेही आहे. आपण कोणाच्या खिडकीतून डोकावलो तर बहुधा त्याला कळविण्यात येते. त्यामुळे सगळेजण सरळ मान करून चालतात. भाजीवाल्याशी न बोलणारे आपले गृहस्थ येथे 'परिवर्तनाचे शिल्पकार' आहेत. बँकेत त्यांनी टोकन पद्धत सुरू केली होती.

दुपारी जेवण जड झाले की ते ट्विटरकडे वळतात. आता त्याचे नाव एक्स आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात एलॉन मस्क ह्यांनी ४४ अब्ज डॉलर मोजून तो घेतला आणि २०२३ साली दारावरची पाटी बदलली. पण मुंबईच्या टॅक्सीवाल्याला रस्त्याचे जुनेच नाव सांगावे लागते, तसे आपण अजून ट्विटरच म्हणतो. हा आपल्या वाड्यातला नळ. २००६ साली तो बसविला तेव्हा मोबाइलचा संदेश १६० अक्षरांचा असे. त्यातली २० लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखून १४० अक्षरे बोलण्यास ठेविली. श्रोतेहो, १४० अक्षरांत काय काय मावते ह्याचा विचार करा. टोमणा मावतो. शिवी ऐसपैस मावते. "तुमचे म्हणणे एका परीने खरे आहे, परंतु" एवढे लिहून होईतो निम्मी जागा चिंचोळी होते, आणि त्या 'परंतु'च्या पुढेच तर सगळे शहाणपण असते. २०१७ मध्ये १४० ची २८० केली. कळशी मोठी झाली. रांग होती तेवढीच राहिली.

नळावरच्या ह्या मंडळींची निंदा करणे सोपे आहे, म्हणून त्यांची एक बाजू सांगितली पाहिजे. एप्रिल आणि मे २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट आली, प्राणवायूचे सिलिंडर मिळेनात, इस्पितळात खाटा मिळेनात. तेव्हा एका गावच्या अनोळखी माणसाने दुसऱ्या गावच्या अनोळखी माणसाला "अमुक ठिकाणी एक सिलिंडर आहे, ताबडतोब जा" हे कळविले ते पुष्कळदा ह्याच ठिकाणी. भांडण्यास जेवढी घाई लागते तेवढीच आग विझविण्यास लागते. तोच नळ, त्याच बादल्या.

ह्याच घराने २०२० साली एक गमतीचा प्रयोग केला. एखादा लेख न उघडताच पुढे ढकलू पाहणाऱ्याला ते मध्येच विचारू लागले, "आधी वाचून घ्यायचा का?" बस्स, एवढेच. मनाई नाही, दंड नाही. कंपनीने नंतर सांगितले की ही विचारणा पाहिल्यावर लोक ४० टक्के अधिक वेळा लेख उघडू लागले. जी माणसे सोमवारी न वाचता संतापत होती तीच मंगळवारी वाचून संतापू लागली. ही प्रगती लहान नव्हे.

इन्स्टाग्रामविषयी फार बोलण्याचे कारण नाही. ते स्वतःच पुष्कळ बोलते. २०१० साली निघालेला हा फोटो स्टुडिओ. पूर्वी आपल्याकडे स्टुडिओत रंगविलेला पडदा असे, त्यावर महाल, कारंजे, हंस. आणि त्यापुढे उसना कोट घालून आपले आजोबा संस्थानिकासारखे उभे राहत. तो पडदा इन्स्टाग्रामने प्रत्येकाच्या हाती दिला. फरक इतकाच की आजोबा तेथे लग्नानंतर एकदा गेले होते आणि नात दिवसातून सहा वेळा जाते. शिवाय आजोबांच्या फोटोखाली किती जणांना तो आवडला ह्याचा आकडा नव्हता. त्या आकड्याने मुलींच्या झोपा उडतात ही तक्रार वाढली तेव्हा २०२१ मध्ये तो झाकून ठेवण्याची सोय करण्यात आली. झाकावयाचा की नाही हे मात्र ज्याच्या त्याच्यावर सोडले. आणि आरसा झाकण्याचे काम आरशापुढे बसलेल्यावर सोपविले म्हणजे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे.

इन्स्टाग्रामच्या निमित्ताने माझ्या नळाच्या सिद्धांताचा एक चांगला पुरावा हाती लागतो. २९ जून २०२० रोजी आपल्या सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होते. टिकटॉक म्हणजे जत्रेतला तंबू. तेथे शिक्षण, कुळ, इंग्रजी कोणी विचारीत नसे. बांधावर उभा राहून नाचणारा शेतमजूरही क्षणभर नट होई. तंबू एका रात्रीत उठला. आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने 'रील्स' नावाचा तसाच रंगमंच भारतात उभारला. झाले! कालपर्यंत मावळत्या सूर्याचे आणि कॉफीच्या पेल्याचे फोटो लावणारी, कॉन्व्हेंटात शिकल्यासारखी ती शालीन खोली. तिथे बघता बघता ढोलकी वाजू लागली. जत्रेतली माणसे तर आलीच, पण नवल ते नव्हे. जुनी शालीन माणसेही नाचू लागली. त्यांत आपले गृहस्थ होते की नव्हते, हे त्यांच्या कुटुंबाने मला विचारू नये.

यूट्यूबबद्दल मला ममता आहे. २३ एप्रिल २००५ रोजी त्यावर पहिली चित्रफीत चढली, ती १९ सेकंदांची. तिच्या संस्थापकांपैकी एक तरुण प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून त्यांची सोंड लांब असते असे सांगतो आणि थांबतो. पुढे हा सर्वज्ञ झाला. मिक्सर दुरुस्त करावयाचा असो, यमन शिकावयाचा असो, शेजारच्या राष्ट्राशी युद्ध जिंकावयाचे असो, ह्याच्याजवळ उत्तर आहे. घरोघर एक काका असे असतात. पण १९ सेकंदांत थांबणारा हा काका आता थांबत का नाही? कारण २०१२ साली त्याचा हिशेब बदलला. किती लोकांनी पाहिले ह्यापेक्षा किती वेळ पाहिले ह्याला मोल आले. तेव्हापासून मिसळीची कृती चार मिनिटांत संपेनाशी झाली. आधी नमस्कार, मग मटकीचा इतिहास, मग घंटा दाबण्याची विनंती, मग सासूबाईंची आठवण, आणि तर्रीपर्यंत पोहोचावे तो गॅसवरचे तेल जळून गेलेले. बाईंना पाल्हाळाची हौस आहे असे समजू नका. कीर्तनकाराला दक्षिणा घटकांवर मिळू लागली तर उत्तररंग कधीच यावयाचा नाही.

आता थोडे थांबून पाहू. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ह्या तिन्ही जागांचा मालक एकच आहे. इन्स्टाग्राम त्याने २०१२ मध्ये एक अब्ज डॉलरला घेतले, तेव्हा तिथे अवघी तेरा माणसे कामाला होती. व्हॉट्सअ‍ॅप २०१४ मध्ये सुमारे १९ अब्जांना घेतले. आणि २०२१ साली ह्या साऱ्या इस्टेटीला मेटा असे नाव दिले. मालक एक, भाडेकरूही बहुतेक तेच, आणि तरी स्वभाव तीन तऱ्हांचे! अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये एक ग्रंथ लिहून माणसाचे रोजचे वागणे रंगभूमीसारखे असते, पडद्यापुढचे वेगळे आणि पडद्यामागचे वेगळे, असे दाखविले होते. तो १९८२ साली वारला. हा वाडा त्याने पाहिला नाही. पाहता तर त्याला एक गोष्ट नवी वाटली असती. येथे पडदा कोठे टांगावयाचा हे नट ठरवीत नाही. जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडाभर फेसबुकने ६,८९,००३ माणसांच्या पुढ्यात येणारा मजकूर, त्यांना न सांगता, थोडा हलविला. काहींच्या पुढ्यातला आनंदाचा मजकूर कमी केला, काहींच्या पुढ्यातला दुःखाचा. ज्यांना आनंद कमी दिसला ती माणसे स्वतःही किंचित खिन्न शब्द लिहू लागली. परिणाम अगदी थोडा होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण खिडकी कोणाच्या हातात आहे ते २०१४ मध्ये हा प्रयोग छापून आला तेव्हा सर्वांना कळले.

आता शेवटची खोली. आपण सगळे जेथे राहतो ती; व्हॉट्सअ‍ॅप. हिला मी माजघर म्हणतो.

माजघराचे गुण तिच्यात सगळे आहेत. सकाळी सहा वाजता गुलाबाचे फूल आणि चहाची वाफ घेऊन मावशी हजर. भारतातल्या ह्या सुप्रभातांनी फोनची पोटे तुडुंब भरून ते बंद पडू लागल्याची बातमी २०१८ मध्ये थेट अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात आली होती. संदेश वाचला गेल्याच्या दोन निळ्या खुणा २०१४ मध्ये आल्या. त्यांनी जेवढे मेहुणे दुरावले तेवढे मानपानानेही दुरावले नसतील. सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या १९८५ च्या तुकडीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, आणि अमुक एकाला वगळून केलेला तोच ग्रुप. पूर्वी ग्रुप सोडला की सर्वांसमक्ष तसे जाहीर होई. पंगतीतून भरल्या ताटावरून उठण्यातला तो प्रकार! २०२२ पासून गुपचूप उठता येते. फक्त अ‍ॅडमिनला कळते, म्हणजे वाढप्याला.

माजघराचा मोठा गुण विश्वास. चौकातला वार्ताहर काही सांगू लागला तर आपण भुवई वर करतो. मामा माजघरात येऊन सांगू लागला तर आपण पाट मांडतो. मामाजवळ पुरावा मागण्याची आपल्याकडे रीत नाही, आणि ती नसावी. पण व्हॉट्सअ‍ॅपची बांधणी अशी, की दिसावयास ते माजघर आणि आतून रेल्वेचे जंक्शन. मामाने सांगितलेले मामाचे नसतेच. ते चारशे मुलखांतून, चारशे मामांच्या तोंडून आलेले असते, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला घरच्या माणसाचा वास लागलेला असतो.

येथे थट्टा थांबवावी लागते. १ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे, बहुतेक मूळची सोलापूर जिल्ह्यातली, भिक्षा मागत तेथे आली होती. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या भागात फिरत होते. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून, मारून ठार केले. त्या वर्षी देशभर अशा अफवांसोबत फिरलेली एक चित्रफीत मूळ कराचीत केलेली होती. मुलांना जपा हे सांगण्यासाठी तयार केलेली ती फिल्म. मोटारसायकलवरून मूल उचलून नेल्याचे नाटक आणि शेवटी मूल परत आणून दिल्याचे दृश्य. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. उरलेले माजघरातून माजघरात गेले.

त्या गावची माणसे जन्मतः क्रूर होती असे मी मानीत नाही. घरची बातमी म्हणून ती आली, लेकराबाळांची होती, आणि पुढे पाठविण्यास एक बोट पुरे होते. मारणाऱ्यांचा अपराध ह्यामुळे कणभरही कमी होत नाही. पण नळाकडे पाहिल्यावाचून ह्या गोष्टीचा उलगडाही होत नाही.

कंपनीने मग काय केले? त्याच महिन्यात भारतापुरती अट घातली: एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पुढे पाठविता येणार नाही. शिवाय तो दुसऱ्याकडून आलेला आहे असे वर लिहिलेले दिसू लागले. म्हणजे मामा सांगतो आहे खरा, पण मामाचे नव्हे. जानेवारी २०१९ मध्ये पाचाची अट जगभर लागू केली. एप्रिल २०२० मध्ये, पुष्कळ हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे केले, आणि अशा संदेशांचा प्रवाह त्याने ७० टक्के घटल्याचे कंपनीनेच सांगितले. कोणास नीतिपाठ दिला नाही. उंबरठा चार बोटे उंच केला.

आता माझा आक्षेप. एवढे जर चार बोटांच्या उंबरठ्याने साधत होते, तर तो आधी का बसविला नाही? आणि साक्री तालुक्यातल्या घराचा उंबरठा किती उंच असावा हे कॅलिफोर्नियातल्या कचेरीने का ठरवावे? आपल्या गावात माडी चढवावयाची तर नगरपालिकेची परवानगी लागते, जिना किती रुंद असावा ह्याचे नियम आहेत. ह्या वाड्याला मात्र बांधकामाचे नियम फार उशिरा सुचले, आणि सुचले तेही जिन्याबद्दल नव्हेत. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांत सरकारने मोठ्या कंपन्यांना सांगितले, की संदेश प्रथम कोणी पाठविला ते मागितल्यास शोधून देता आले पाहिजे. कंपनी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे, २०१६ पासून पत्रे आम्हांलाही वाचता येत नाहीत अशी कुलपे आम्ही लाविली आहेत. पहिला हात शोधावयाचा तर प्रत्येकाच्या कुलपाला धक्का लागेल. मी वकील नाही. पण भाडेकरू म्हणून मला विचाराल तर माझे मत असे, की मालकाने किंवा फौजदाराने माझी पत्रे फोडण्यापेक्षा त्यांनी जिना अरुंद करावा, उंबरठे उंच करावेत, आणि त्यांची मापे चव्हाट्यावर लावावीत, म्हणजे कोणत्या खोलीत शिरल्यावर आपण कसे वागू लागणार हे शिरण्यापूर्वी कळेल.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, आणि तिसऱ्या रांगेतले ते तरुण गृहस्थ मघापासून फोन उंच धरून आहेत, त्यांचा हात अवघडला असेल. त्यांना विनंती, की भाषण कोठेही चढवा, पण शेवट कापू नका. श्रोत्यांस प्रश्न विचारावयाचे असतील त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून स्वयंसेवकाजवळ द्यावेत; प्रत्येकी १४० अक्षरे.